सुगडं फुटली ती संक्रांत

आत्याबाई,

काल दुपारी जेवताना थोरला नातू सहज बोलून गेला, "ही बाहेरची माणसं आली आन गावाची कळा गेली." ओढ्याकडच्या वीटभट्टीवर परराज्यातली चार बिऱ्हाडं कामाला आलीत, त्यांच्यावर त्याचा राग. मी हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, "तुझी पणजी आज असती ना, तर मडकी ठोकायच्या थापीनं टाळकं शेकलं असतं तुझं." आणि मग त्या संक्रांतीची गोष्ट मी पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितली. घरात सगळ्यांना ती पाठ आहे. तरी ऐकतात, कारण ती सांगताना माझा आवाज चढतो आणि मधे कुणी कालवण मागितलं तर मी वाढत नाही. माझी सासू काय बाई होती हे सांगायला लागले की ही वाकलेली म्हातारी ताठ होऊन बसते. काल नवी नातसून वाढायला होती, तिनं गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. शेवटी तिनं एकच प्रश्न विचारला, आणि त्याच्यापायी आज हा कागद घेऊन बसले आहे. तो प्रश्न काय ते पुढं सांगते, आधी मला नीट लिहू द्या.

अक्षराला हसू नका. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी गावात बायांचा वर्ग निघाला, दुपारचा, देवळाच्या ओट्यावर. मी चाळिशी ओलांडलेली, तरी पाटी घेऊन गेले. बाकीच्या बाया सही शिकून थांबल्या. मी हट्टानं पुढं शिकले. माझं अक्षर मडकी भाजायच्या आव्यातून वाकड्या निघालेल्या लोट्यासारखं आहे, पण पाणी धरतं. आणि आत्याबाई म्हणून हाक मारायला आता घरात कुणी उरलं नाही. माझी सून मला आई म्हणते, तिची सून तिला मम्मी म्हणते. सासूला आत्याबाई म्हणायची रीतच उठली. मी मात्र तुम्हाला दुसरं काही म्हणू शकत नाही.

मी कुंभाराचीच लेक, तुमच्या घरात आले ती डोंगरापलीकडून, निजामाच्या राज्यातून. इकडची माणसं त्या मुलखाला मोगलाई म्हणायची. हद्द काय, एका डोंगराची. लग्नं सर्रास व्हायची, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही माझ्यावर माती सोपवून तिसगावच्या बाजाराला गेलात. मी माहेरी करत होते तसंच केलं. माती कुटली, चाळली, भिजवली, लीद घातली, तुडवली आणि तुमच्या लेकाच्या पुढ्यात गोळे करून ठेवले. घागरी झाल्या, आवा लागला, आवा उघडला. काय लालभडक घागरी निघाल्या होत्या. मी मनातून खूश. तिसऱ्या दिवशी ओसरीवर टक, टक, टक. घागरींच्या अंगावरून खपल्या उडायला लागल्या, कुणी कोपऱ्यातून खडे मारतंय असं वाटावं. आठवड्यात निम्म्या आव्याची खापरं झाली. मी कोपऱ्यात उभी आहे, आणि तुम्ही दातांना मिश्री लावत शांतपणे एक खपली उचलता, उलटी करता आणि माझ्या नाकासमोर धरता. खपलीच्या पोटात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. "ह्यो बघ चुनखडा. तुझ्या म्हायेरची माती नदीची, सरळ. आमची लबाड हाय. तिला तांदळावानी निवडावी लागती. खडा भाजला की त्याचा चुना हुतो, आन चुन्याला वल लागली की त्यो फुगतो. मग मडकं फुटतं." एवढंच. आवाज चढवला नाहीत. पण ती सगळी खापरं पाटीत भरून तुम्ही मला गावातून चालत गावाबाहेरच्या पांढरीपर्यंत टाकायला लावलीत, चार खेपा. वाटेत बाया पदराआड हसत होत्या. तेव्हापासून भिजवलेली माती मी कधी बोटं फिरवल्याशिवाय पुढं सरकवली नाही. ती गोष्ट मी विसरले असेन असं कुणी समजू नये, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

स्वातंत्र्य आलं त्या साली दिवाळीनंतर माणसं यायला लागली. तिकडं मोगलाईत धामधूम माजली होती, गावं जळत होती. पोरं खांद्यावर, गाडग्यांची उतरंड डोक्यावर, कुणाची एखादी शेळी. ओढ्याच्या पलीकडं बाभळींत त्यांनी पालं ठोकली. पहिले चार दिवस गाव चांगलं वागलं. भाकरी दिल्या, जुनी लुगडी दिली. मग भाकरी आटल्या आणि तोंडं सुटली. त्यांच्या बाया विहिरीवर आल्या की आपल्या बायांना घागरी दोन-दोनदा विसळायची हुक्की यायची. रानातलं जळण ते नेतात, मजुरीला अर्ध्या पायलीवर उभे राहतात, रात्री काय करतात देव जाणे, असं चावडीवर रोज दळण. पोरं मागं लागून ओरडायची, "मोगलाईतले, मोगलाईतले." भाषा तीच, देव तेच, लुगडं नेसायची तऱ्हासुद्धा तीच. पण 'मोगलाईतली' हा शब्द गावात शिवी झाला, आणि मी घरात बसून ऐकत होते. तीन वर्षं मला तुमची सून म्हणून ओळखणाऱ्या बाया आता माझ्याकडं बघून बोलता-बोलता थांबायला लागल्या. एकदा पाटलांच्या घरी घागर पोचवायला गेले तर पाटलीणबाई म्हणाल्या, "काय गं, तुझ्या मानसांनी किती दिवस मुक्काम करायचा ठरवलंय?" माझ्या माणसांनी. मी नुसती हसले आणि परत आले.

त्यातच ओढ्यावर मला मावशी दिसली. माझ्या आईची चुलत बहीण, तीही कुंभाराघरचीच. लहानपणी एक आख्खा उन्हाळा मी तिच्याकडं काढला होता, तिच्या हातचा दूधभात खाल्ला होता. ती लुगडं पिळत होती. तिनं मान वर केली, मला ओळखलं, तोंड उघडलं. मी पदर पुढं ओढला आणि पाठ फिरवली. माझ्यासोबत शेजारच्या दोघी होत्या आत्याबाई, दुसरं कारण नव्हतं. मावशीनं काय ते जाणलं आणि पुन्हा लुगडं पिळायला लागली. त्यानंतर ती मला कुठंही भेटली तरी अनोळखी बाईकडं बघावं तसं बघायची. मी तिला तसं करायला लावलं होतं.

पौषात तुमच्या लेकाच्या अंगठ्याला नखुरडं झालं, नखाशी पिकून सुजला. कुंभाराचा अंगठा गेला म्हणजे चाक गेलं. आणि पुढ्यात संक्रांत. घरटी पाच सुगडं द्यायची, ती आपली वंशपरंपरेची कामगिरी. त्याच्यावर वर्षाचं बलुतं. निम्मी घरं झाली आणि चाक बंद पडलं. तुम्ही शेजारच्या गावी भावबंदांकडं जाऊन आलात, त्यांच्याकडंही शिल्लक नव्हती. इकडं मावशीच्या नवऱ्यानं बाभळींत चाक मांडल्याची बातमी आली. आपल्याच मातीच्या खाणीच्या वरच्या अंगाची, टाकाऊ म्हणून आपण सोडलेली माती त्यानं आणली होती. आणि ज्या बाया विहिरीवर घागरी विसळत होत्या, त्याच आडवाटेनं पालांकडं जायला लागल्या. शिव्या द्यायला मोगलाईतली, आणि सुगडं घ्यायला मावशी. तुम्ही हसत होतात, मी मात्र मनात हिशेब मांडत होते. तुमचा लेक हात धरून बसलेला, गावाला दुसरा कुंभार सापडलेला, आणि तो कुंभार माझ्याच माहेरचा. उद्या आपलं बलुतं गेलं, तर गाव म्हणणार सुनेनंच माणसं बोलावून सासूचं घर बुडवलं.

त्याच दिवसांत मावशी आपल्या दारात आली. तुम्ही गोवऱ्या आणायला गेला होतात. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाई, हितल्या मातीला काय येगळं करावं लागतं का?" मला कडेवर घेऊन फिरलेली मावशी, आणि मला बाई म्हणाली. मी काही बोलले नाही. ती आल्या वाटेनं गेली.

संक्रांत आली. बायांनी सुगडं पुजली, त्यात ओला हरभरा, गाजराचे तुकडे, ऊस, बोरं भरली. ओल लागली. दुपारी वाणं घेऊन बाया एकमेकींकडं जायला निघाल्या आणि गावात टकटक सुरू झाली. कुणाच्या सुगडाची खपली उडाली, कुणाचं हातातच तडकलं, एकीचं तर देवापुढं दुभंगलं. सवाष्णीच्या हातात संक्रांतीचं सुगड फुटणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला काय सांगू. तास-दोन तासांत गावभर रडारड. मोगलाईतल्या बायांनी आमच्या कुंकवावर करणी केली, असं बोलणं उठलं. एका बाईचा नवरा तापानं पडलेला होता, तिनं तर छाती पिटून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळीच चावडी भरली. दिवस करीचा. पालं उठवायची, नाही उठली तर जाळायची, एवढंच ठरायचं बाकी होतं.

तुम्ही शेजारणीच्या अंगणातून एक खपली उचलून आणलीत. उलटी केलीत. मग माझ्याकडं वळलात.

"ती कुंभारीन आपल्या दारात आल्ती का?"

"आल्ती."

"मातीचं इचारलं?"

"इचारलं. पर मी काय बोललेच न्हाई. गप बसले."

तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघितलंत. मला वाटलं आता थापी उचलाल. पण तुम्ही ती खपली पदराच्या टोकाला बांधलीत आणि म्हणालात, "चल चावडीवर."

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून मला त्याची मिजास. चावडीची पायरी बाईमाणूस चढत नव्हतं. तुम्हीही चढला नाहीत. पायरीखाली उभ्या राहिलात, अंगानं काटकुळ्या, पायांना अजून माती लागलेली. एका बाजूला मावशी आणि तिचा नवरा गुडघ्यात मान घालून बसलेले, भोवती काठ्या घेतलेली पोरं. पाटील म्हणाले, "म्हातारे, तुझं काय काम हितं? हे तर तुझ्याच पोटावर आल्यात. तू तर खूश व्हायला पायजे."

"माझ्या पोटाचं मी बघीन," तुम्ही म्हणालात. "आधी ज्येंच्या घरची सुगडं फुटली, त्येंनी हात वर करा."

कुणी हात वर करेना. फुटली म्हणून ओरडायला सगळे पुढं, पण पालावर जाऊन चोरून घेतली हे कोण सांगणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"करा की. कुनाची तरी फुटली असतील. का वाऱ्याची फुटली?"

शेवटी पाटलांनीच घसा खाकरला. "आमच्या घरची दोन फुटली," असं जमिनीकडं बघत म्हणाले. मग एक-एक हात वर झाला. रोज सगळ्यांत मोठ्यानं शिव्या घालणाऱ्याचा हात सगळ्यांत शेवटी आला, तेव्हा मागं कुणीतरी फिसकन हसलं. तिथंच निम्मा राग उतरला बघा.

तुम्ही पदराची गाठ सोडलीत आणि खपली पाटलांच्या हातात दिलीत. "ह्यो पांढरा ठिपका बघा. ह्यो चुनखडा. ह्यो काय त्येंनी मोगलाईतनं डोक्यावर आनला न्हाई. ह्यो आपल्या गावच्या खानीतला हाय. माझ्या ह्या सुनंनं बी नवी असताना हेच केलं हुतं, निम्मा आवा फुटला. गावानं खापरं बघितलीत. तवा कुनाचा नवरा मेला?"

मागून एकजण म्हणाला, "तुला काय जातंय बोलायला. तुझ्या कपाळाला कुंकू हाय का?"

तुम्ही त्याच्याकडं वळलात आणि साध्या आवाजात म्हणालात, "न्हाई. म्हनूनच मला ठावं हाय. माझं कुंकू गेलं त्या साली माझी पाचीच्या पाची सुगडं धड हुती."

पाटलांनी मग मावशीला विचारलं, "काय गं, तुमी गावच्या कुंभाराला इचारलं न्हाई का, हितली माती कशी हाय म्हनून?" मावशीनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं, एकदाच. आणि म्हणाली, "न्हाई इचारलं. आमचीच चूक झाली."

"इचारलं हुतं," तुम्ही म्हणालात. "माझ्या दारात यून इचारलं हुतं. आमी गप ऱ्हायलो. इचारनाऱ्याला वाट सांगितली न्हाई, तर खड्ड्यात पडल्याचा दोष सांगनाऱ्याचा. खोट आमच्या घरची हाय, आन भरून बी आमीच दिऊ. रथसप्तमीपातुर सण हाय. तवर फुटल्या घरांना पाच-पाच नवी सुगडं मिळतील. माती माझी, आवा माझा. माझ्या लेकाचा अंगठा धड न्हाई, तवा चाकावर ह्यो मानूस बसंल. आन त्यातलं एक जरी फुटलं, तर त्येंच्यासंगं मी बी गाव सोडीन. बलुतं दुसऱ्या कुनाला बी द्या."

आपल्या चाकावर परका बसत नाही. तुमच्या सासऱ्यांनी सख्ख्या भावालाही बसू दिलं नव्हतं, हे गावाला माहीत होतं. पाटलांनी खपली दोनदा उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "ही बाई खोटं बोलत न्हाई, हे आपल्याला ठावं हाय. ती म्हनती गप ऱ्हायलो, म्हंजे ऱ्हायली असंल. आन करीच्या दिवशी कुनाचं घर उठवू बी नये. काठ्या ठिवा." एवढ्यावर चावडी उठली. तुमचा शब्द चावडीवर असा चालला, आत्याबाई. कुंभाराच्या विधवेचा. आजही हे लिहिताना माझी मान ताठ होते.

पुढचे दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतात. तुम्ही खाणीच्या तळची माती काढवून आणलीत आणि आम्हा दोघींना समोरासमोर बसवलंत, मला आणि मावशीला. मधे भिजवलेल्या मातीचा ढीग. सकाळी बसायचं ते दिवस कलेपर्यंत बोटं फिरवत राहायचं, खडा लागला की बाजूला. माझी बोटं सोलवटली. एकदा तुम्ही बघत उभ्या होतात, आम्ही दोघी माती तुडवत होतो, आणि तुम्ही म्हणालात, "आमच्यात उजव्या अंगानं फिरत्यात. तुला तीन वरसं सांगून बी तू डाव्यानंच फिरतीस. ही बी डाव्यानंच फिरती. कोन लागती तुझी?" माझे पाय मातीतच थांबले. म्हटलं, "मावशी हाय." तुम्ही म्हणालात, "मग मावशी म्हन की. फुकट हाय." मी तिला मावशी म्हणून हाक मारली आणि ती मातीच्या हातांनीच रडली. तुमचा लेक ओसरीवरून परक्या माणसाला आपलं चाक फिरवताना बघत होता. पहिल्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्यानंच पाण्याचं भांडं चाकाजवळ सरकवून दिलं.

आवा उघडला तेव्हा तुम्ही एकेक सुगड उचलून बोटाच्या पेरानं वाजवलंत. मग पाटीत भरून आपण घरोघर गेलो, तुम्ही पुढं, मी आणि मावशी मागं. प्रत्येक दारात तुम्ही थांबून सांगत होतात, "ही ह्येंच्या हातची हायेत." रथसप्तमीला गावातल्या बाया सुगडात ओला हरभरा भरून त्यांच्याकडं टक लावून बसल्या होत्या, दूध उतू जायची वाट बघावी तशा. एकही तडकलं नाही. पाटलीणबाईंच्या हातून एक निसटून फुटलं, तर त्या पळत आपल्या दाराशी आल्या आणि रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्याच हातनं पडलं गं बाई, मातीचं काय न्हाई." तुम्ही त्यांना दुसरं सुगड दिलंत आणि त्या गेल्यावर पोट धरून हसलात. तुम्हाला तशा हसताना मी दोन-तीनदाच पाहिलं.

पुढच्या साली डोंगरापलीकडं शांत झालं. बरीच बिऱ्हाडं माघारी गेली. मावशी राहिली, कारण तुम्ही खाणीचा एक कोपरा तिला तोडून दिलात. भावबंदांनी तुमच्याशी बोलणं टाकलं, तीन वर्षं टाकलं, तुम्ही हूं की चूं केलं नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं डोकं मांडीवर घ्यायला मावशी होती. तिच्या नातवाचं आता तिसगावला माठांचं दुकान आहे. रस्त्यात भेटला की तो माझ्या पाया पडतो, आणि मला चोरट्यासारखं होतं.

नातसुनेनं काल विचारलं ते हे: "आजी, मग मावशीनं इचारलं तवा तुमी गप का बसलात?" मी म्हटलं, लहान होते, घाबरले होते. ती 'बरं' म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. तिनं विश्वास ठेवला. सगळ्यांनीच ठेवला. पाटलांनी ठेवला, गावानं ठेवला, सगळ्यात आधी तुम्ही ठेवलात.

वर मीही तेच लिहिलंय, की मावशीनं विचारलं आणि मी काही बोलले नाही. कागदावरसुद्धा हात तसाच वळला, इतकी सवय झाली आहे. खोडत नाही, राहू दे. पण मी गप बसले नव्हते आत्याबाई. मावशीनं नुसतं विचारलं नव्हतं. तिनं मूठ उघडून दाखवली होती, तळहातावर तीन-चार पांढरे खडे होते. म्हणाली, "ह्ये असलं निघतंय मातीत. चालतंय का ह्ये?" तिला शंका आली होती, ती चांगली कुंभारीण होती. आणि मी, जिनं चार खेपा खापरं वाहिली होती, मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "चालतंय की. तुडवा आन घ्या चाकावर." फुटतील हे मला माहीत होतं. फुटावीत म्हणूनच सांगितलं.

मावशीला सगळं माहीत होतं. ती तुमच्या घरात वीस वर्षं उठली-बसली, माझ्या पोरांना तिनं न्हाऊ-माखू घातलं, आणि एका शब्दानं बोलली नाही. आता तीही गेली. तुम्हाला सांगायचं मी दरवर्षी सुगडं वाजवताना ठरवत होते आणि दरवर्षी पुढच्या सालावर टाकत होते. हा कागदही मी कुठं पाठवणार? घडी घालून माझ्या लुगड्यांखाली ठेवीन, मी गेल्यावर कुणी वाचला तर वाचू दे.

तुम्ही उभ्या जन्मात खोटं बोलला नाहीत, हे मी सगळ्यांना मान वर करून सांगते. चावडीवर "आमी गप ऱ्हायलो" म्हणालात, तेवढं एकच खोटं तुमच्या तोंडून गेलं, आणि ते तिथं मीच घातलेलं होतं.